मॉर्गन डॉलरच्या गालावर

मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं हातात आलं की जाणकार संग्राहक साल नंतर बघतो, आधी त्यावरच्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, गाल बघतो. लिबर्टीच्या केसांच्या बटांत, टोपीवरच्या कापसाच्या बोंडांत किंवा गव्हाच्या ओंब्यांत एखादा ओरखडा गेला तर तो शोधावा लागतो. तोच ओरखडा गालावर गेला तर हातभर अंतरावरून दिसतो. त्या भरीव, गुळगुळीत गालावर काहीही लपत नाही. गालाखालोखाल महत्त्व चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेला. या दोन ठिकाणी नाणं स्वच्छ असेल तर बाकी बरंच काही माफ होतं, आणि इथे टवका असेल तर मागचा गरुड कितीही देखणा असला तरी ग्रेड, म्हणजे दर्जाचा आकडा, चढत नाही.

जुन्या अमेरिकन नाण्यांची ग्रेड ठरवायला ज्या प्रकारचा उजेड लागतो, तोच त्यांच्या फोटोलाही लागतो. एका कामात ज्याला उजेड कळला नाही, त्याचं दुसरंही काम फसतं. म्हणून ही दोन्ही कामं इथे एकत्र घेतली आहेत, आणि उदाहरणाला मॉर्गन डॉलर घेतला आहे. तो मोठा आहे, मुबलक मिळतो आणि त्याच्यावर शिकलेली नजर इतर नाण्यांवरही चालते.

जॉर्ज टी. मॉर्गन यांनी कोरलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर. व्यास ३८.१ मिलिमीटर. ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. १८७८ च्या ब्लँड-अ‍ॅलिसन कायद्यानं सरकारला दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणं भाग पडलं. लोकांना एवढी जड नाणी खिशात नको होती. मग ती हजार-हजाराच्या कापडी पिशव्यांत भरून तिजोरीत गेली. हजार नाण्यांची पिशवी पावणेसत्तावीस किलोंची. ती उचलायची, आपटायची, एकीवर दुसरी रचायची, मोजायला ओतायची, पुन्हा भरायची. एकदाही बाजारात न फिरलेल्या मॉर्गनच्या गालावर जखमा दिसतात त्या या पिशव्यांमुळे. शेजारच्या नाण्याची कंगोरेदार कड घासली गेली तर बारीक समांतर रेघांची एक ओळच उमटते. ती एकदा पाहिली की पुढे लगेच ओळखू येते.

१९१८ च्या पिटमन कायद्याखाली असे २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले. उरलेले तिजोऱ्यांत पडून राहिले. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर कित्येक वर्षं अतिदुर्मीळ समजला जायचा. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच बाहेर आल्या आणि भाव कोसळला. कार्सन सिटीच्या टांकसाळीच्या शिल्लक डॉलरची सरकारनं १९७२ ते १९८० या काळात थेट लोकांना विक्री केली. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं कोरं करकरीत मिळणं या मालिकेत नवलाचं नाही. कोऱ्या नाण्यांतही फरक कसा करायचा, हा इथला खरा प्रश्न आहे.

त्यासाठी आकडे आहेत. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, आणि पुढे ती सगळ्याच अमेरिकन नाण्यांना लागू झाली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था आल्या. नाणं तपासून, आकडा देऊन, कडक प्लास्टिकच्या डबीत ते बंद करायची पद्धत त्यांनी रुजवली. या डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. ६० च्या खाली वापरलेली नाणी, ६० पासून वर न वापरलेली. न वापरलेल्यांच्या आकड्याआधी एमएस (मिंट स्टेट) लिहितात. एमएस-६० म्हणजे कोरं पण भरपूर मार खाल्लेलं. एमएस-६३ म्हणजे पिशवीतून आलेलं बरं नाणं. एमएस-६५ ला गाल जवळजवळ स्वच्छ हवा आणि झळाळी पूर्ण हवी. ६४ आणि ६५ मध्ये फरक एखाद्या खुणेचा असतो, पण काही सालांच्या नाण्यांत किंमत कित्येक पट बदलते. दोन अनुभवी माणसांत एका आकड्याचं दुमत सहज होतं. त्यामुळे डबीवरचं लेबल वाचण्याआधी नाणं वाचायची सवय लावावी.

नाणं बघायला खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. एकच दिवा हवा, आणि तो उघडा, बिंदूसारखा हवा. पूर्वी यासाठी ७५ किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब वापरत. आता छोट्या डोक्याचा एलईडी टेबल लॅम्प चालतो, पण त्यावर दुधी काच नको. पसरलेल्या उजेडात बारीक रेघा दिसेनाशा होतात आणि नाणं आहे त्याहून एक-दोन ग्रेड वरचं वाटतं. दिवा नाण्यापासून साधारण फूटभर वर. खाली जाड मऊ कापड, कारण नाणं कधी ना कधी निसटतंच. धरायचं फक्त कडेनं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये. आधी भिंगाशिवाय बघायचं, मग ५ किंवा ७ पटींच्या भिंगानं. १० पटींचं भिंग टंकचिन्ह (टांकसाळीचं अक्षर) आणि साच्यांचे बारकावे तपासायला ठेवा. ग्रेड ठरवताना ते वापरलं तर प्रत्येक नाणं रणांगणासारखं दिसतं.

आता नाणं दिव्याखाली हलकेच कलतं करून गोल फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचे दोन पट्टे मध्यापासून कडेपर्यंत उठतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हा कार्टव्हील. नाणं छापताना दाबाखाली चांदी मध्यातून बाहेर सरकते, तिच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा साच्यावर आणि मग नाण्यावर उमटतात. त्या रेषांवरून उजेड असा परततो. नाणं वापरात गेलं की या रेषा आधी उंचवट्यांवर मोडतात. घासून पुसलं तर सगळीकडेच मोडतात. एकदा मोडल्या की त्या परत आणायचा कोणताही उपाय नाही. ग्रेडिंगचा पाया मी याच निरीक्षणाला मानतो. पट्टा गालावरून, कपाळावरच्या केसांवरून, गरुडाच्या छातीवरून अखंड सरकतो का, की मध्येच विझून पुढे पुन्हा पेटतो? जिथे विझतो तिथे थांबून बघा.

विझण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि नवशिके इथेच फसतात. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या अनेक डॉलरवर, १८९२ च्या तर विशेषच, कानावरचे केस सपाट दिसतात. बघणारा म्हणतो, झिजलंय. पण तिथे छापच कमी बसलेली असते. दोन साच्यांमधलं अंतर जरा जास्त राहिलं किंवा दाब कमी पडला, तर धातू साच्याच्या सगळ्यात खोल भागापर्यंत पोचत नाही. नाण्याच्या मध्यावर एका बाजूला कानावरचे केस आणि नेमके त्याच्या पाठीमागे गरुडाची छाती येते, म्हणून दोन्ही एकदमच पुसट राहतात. फरक ओळखायचा तो उजेडावरून. छाप कमी बसलेल्या जागेवरूनही कार्टव्हील फिरतं, आणि भिंगाखाली छापण्याआधीच्या मूळ चकतीचा किंचित खडबडीत पोत दिसतो. झिजलेल्या जागी झळाळी नसते, रंग करडा होतो, पोत साबणासारखा गुळगुळीत लागतो. शिवाय झीज एकट्या केसांवर थांबत नाही. गाल, टोपीची कड, गरुडाच्या पंखांचे वरचे काठ असे सगळे उंचवटे तिच्यात येतात. चांगली छाप कशी दिसते हे मनात ठसवायचं असेल तर १८८१ सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर बघावा. मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली सॅन फ्रान्सिस्कोचं टंकचिन्ह ‘एस’ असतो. स्वस्त, मुबलक आणि बहुतेक वेळा लख्ख छापलेला.

तसाच गोंधळ रेघांचा. मोकळ्या जागेत बारीक समांतर रेघा दिसल्या की नाणं पुसलेलं आहे असं ठरवायची घाई होते. त्यातल्या काही रेघा साचा पॉलिश केल्याच्या असतात आणि त्यानं ग्रेड घटत नाही. साच्यावर पॉलिशचा हात फक्त सपाट भागाला लागतो, अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या खोबणीत जात नाही. म्हणून नाण्यावर त्या रेघा उंचावलेल्या असतात आणि अक्षराच्या पायथ्याशी येऊन थांबतात. कापडानं पुसल्याच्या रेघा उलट असतात. त्या खोल गेलेल्या असतात, अक्षरावरून, गालावरून, जे वाटेत येईल त्यावरून सरळ पुढे जातात. एखाद्या विशिष्ट कोनातच त्या चमकतात, म्हणून नाणं पूर्ण ३६० अंश फिरवल्याशिवाय ‘रेघा नाहीत’ असं म्हणू नये.

दिवाळीआधी घरातली चांदीची भांडी टूथपेस्टनं किंवा रांगोळीनं घासायची आपली सवय आहे. तो हात नाण्याला लावायचा नाही, एवढी एक गोष्ट पाळली तरी जुन्या नाण्यांवर मोठे उपकार होतील. चांदी उजळवणाऱ्या आम्ली द्रावणात बुडवणंही धोक्याचं. ते काळेपणासोबत चांदीचा सूक्ष्म थरही काढतं. एकदा बुडवलेलं नाणं पांढरंशुभ्र दिसेल, पण परत परत बुडवलेलं निर्जीव दिसतं, कारण कार्टव्हीलच्या रेषाच विरघळलेल्या असतात. करायलाच हवी अशी सफाई एकच. मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटांतल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो हळूहळू धातू खातो. त्याला शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या बशीत नाणं बुडेल एवढं ओतायचं, १० मिनिटं ठेवायचं, मग दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून काढायचं आणि उभं टेकवून हवेत वाळू द्यायचं. चोळायचं नाही, पुसायचं नाही. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवून ते महिन्या-दोन महिन्यांनी गरम करून परत कोरडं करावं. नाण्याजवळ रबरबँड तर कधीच नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

एयू-५८ (अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे जवळजवळ न वापरलेलं) विषयी माझं मत ठाम आहे. गालावर किंवा केसांच्या टोकांवर घासल्याची अगदी हलकी छटा, बाकी नाणं स्वच्छ आणि झळाळतं, ही ५८ ची लक्षणं. एमएस-६० ते ६२ मधली, कोरी पण ठोकाठोकीनं भरलेली नाणी ५८ च्या नाण्यापुढे कुरूप दिसतात, तरी आकडा मोठा म्हणून त्यांना जास्त पैसे मोजले जातात. बघायला आवडणारं नाणं हवं असेल तर ५८ घ्यावं.

विकत घेण्याआधी खोटेपणा तपासायला फार साधनं लागत नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, कॅलिपर, धागा आणि पेला. न झिजलेलं नाणं २६.६३ ते २६.८३ ग्रॅममध्ये यायला हवं. मग पेल्यात पाणी घालून तो काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि धाग्यानं टांगलेलं नाणं पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काठाला टेकता कामा नये आणि त्यावर बुडबुडे नकोत. काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल. तांबं-निकेलच्या, तेवढ्याच वजनाच्या बनावट नाण्याला तो आकडा ३ च्या आसपास जातो. मात्र खऱ्या नाण्यावरच केलेली लबाडी काटा पकडत नाही. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १ लाख डॉलर पाडले गेले, त्यामुळे त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवणं किंवा १८९८ च्या नाण्याचा आकडा कोरून बदलणं हे प्रकार जुने आहेत. १८९३ च्या अस्सल ‘एस’ नाण्यावर ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’च्या वरच्या भागात एक बारीक तिरपी उठावदार रेघ असते. १० पटींचं भिंग तिथे कामी येतं.

आता फोटो. डोळा नाणं फिरवत बघतो, कॅमेऱ्याला एकच कोन मिळतो. एका कोनात रेघ चमकते, दुसऱ्या कोनात लपते. त्यामुळे फोटो खोटं न बोलताही फसवू शकतो, आणि दिवा कुठे ठेवायचा हे ठरवणारा माणूसच फोटो प्रामाणिक आहे की नाही हे ठरवतो.

कॅमेरा उभ्या स्टँडवर, लेन्स खाली बघणारी. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पुरते, कारण तिच्यानं नाणं आणि लेन्स यांच्यात दिवे घुसवायला जागा मिळते. ५० ची लेन्स नाण्याच्या इतकी जवळ येते की तिचीच सावली पडते. कॅमेरा आणि नाणं समांतर आहेत का, हे बघायला नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. हे केलं नाही तर नाण्याची एक कड धारदार आणि समोरची मऊ येते, आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो.

फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. ३८.१ मिलिमीटरचं नाणं त्यात थोडी जागा सोडून बसवलं तर सेन्सरवरच्या प्रतिमेचा मोठेपणा नाण्याच्या ०.६ पटीच्या आत राहतो. लहान सेन्सरवर ०.४ च्या आत. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ सारख्या आकड्यानं मोजतात, आणि जवळून फोटो काढताना ते त्या आकड्यापेक्षा लहान पडतं. ०.६ पटीला एफ/८ खरं तर एफ/१३ सारखं वागतं. म्हणून एफ/१६ वर नेऊन ‘सगळं स्पष्ट येईल’ असं मानू नका, तिथे विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं, सगळंच मऊ होतं. एफ/८ ठेवा, फारतर एफ/११. आयएसओ १००. शटर सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत खाली गेला तरी चालतो, पण बोटानं बटण दाबायचं नाही. २ सेकंदांचा टायमर लावा, आणि टेबल लाकडी जमिनीवर असेल तर कुणाला चालू देऊ नका.

दिवे दोन, घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी, आणि जितके उंच जातील तितके उंच, लेन्सच्या अंगाला लागतील एवढे. उंच दिव्यात झळाळी येते. दिवा खाली आणला की प्रत्येक खळगा दरीसारखा दिसतो आणि एमएस-६४ चं नाणं ६० चं वाटतं. दिव्यावर टिश्यू किंवा बटर पेपर लावला की फोटो गोड येतो, पण कार्टव्हील मरतं आणि पुसल्याच्या रेघा गायब होतात. विक्रीच्या फोटोंत असा दुधाळ उजेड दिसला तर थोडं सावध व्हावं. दोन्ही दिवे एकाच प्रकारचे हवेत, रंगनिष्ठेचा आकडा (सीआरआय) ९० च्या वर. खिडकीचा उजेड आणि खोलीतला दिवा बंद, नाहीतर एका गालावर निळी आणि दुसऱ्यावर पिवळी झाक येते. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवू नका. नाण्याच्या जागी करडं कार्ड ठेवून तो एकदा ठरवा.

एक्स्पोजर नाण्यावरच मोजा. काळ्या कापडावर नाणं ठेवून अख्ख्या चौकटीवर मोजलं तर चांदी पांढरी फटक होते आणि गालावरचा तपशील कायमचा जातो. झळाळीचे पट्टे अगदी पांढऱ्याच्या थोडे अलीकडे थांबले पाहिजेत. मग संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवायचा मोह आवरा. तीक्ष्णता जास्त दिली की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते.

मोबाइलवरही बरं काम होतं. नाण्याला भिडू नका. २५ सेंटिमीटरवरून दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवा आणि नंतर चौकट कापा. जवळ गेलं की फोन स्वतःच रुंद लेन्सवर उडी मारतो आणि नाणं अंडाकृती दिसतं. एचडीआर बंद करा, तो झळाळीचे पट्टे सपाट करतो.

स्लॅबमधल्या नाण्यात प्लास्टिकवर कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडतं. काळ्या कार्डाला लेन्सएवढं भोक पाडून ते लेन्सवर बसवलं की बहुतेक प्रतिबिंब जातं. एवढ्यानं भागलं नाही तर स्लॅब चिमूटभर चिकणमातीवर २-३ अंश कलता ठेवा आणि एफ/११ वर जा.

रंग चढलेली चांदी सगळ्यात कठीण. चांदीवरचा सल्फाइडचा पातळ थर वाढत जातो तसे रंग क्रमानं येतात, आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा. हा क्रम मोडून एखादा रंग मध्येच उगवला असेल तर शंका घ्यावी. कापडी पिशवीला टेकून राहिलेल्या मॉर्गनवर कधी कधी विणीची नक्षीसुद्धा रंगात उतरते. असे रंग बाजूच्या दिव्यात काळपट येतात, कारण ते दिसायला उजेड सरळ नाण्यावर पडून सरळ परतावा लागतो. त्यासाठी फोटोफ्रेमची पातळ काच लेन्स आणि नाण्याच्या मध्ये ४५ अंशांत धरा आणि दिवा बाजूनं त्या काचेवर टाका. थोडा उजेड खाली वळतो, नाण्यावरून परत वर येतो आणि काचेतून लेन्समध्ये जातो. काचेतून पलीकडे गेलेला उजेड परत येऊ नये म्हणून समोर काळं मखमली कापड लावा. शटर बराच सावकाश ठेवावा लागेल. अशा फोटोत रंग उजळतात, पण कार्टव्हील दिसत नाही. म्हणून रंगीत नाण्याचे दोन फोटो द्यावेत, एक काचेतला, एक दोन दिव्यांतला, आणि जमलं तर नाणं फिरवतानाचा १० सेकंदांचा व्हिडिओही.

भारतात राहणाऱ्या संग्राहकाला फोटोची गरज जास्तच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षं पूर्ण केलेलं कोणतंही नाणं पुरावस्तू ठरतं, आणि ते स्वतःच्या मर्जीनं देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२१ चे मॉर्गनही आता त्या वयात आले आहेत. म्हणजे इथे असलेलं नाणं उठून अमेरिकेत ग्रेडिंगला धाडता येत नाही, दुसऱ्याचं मत घ्यायचं ते बहुधा फोटोवरच. मत देणारा न्यू जर्सीत बसला असेल तर त्याला तुमचा दिवा दिसत नाही.

त्याला तो दाखवायची एक पद्धत आहे. पीसीजीएस किंवा एनजीसीच्या डबीतलं, ज्याच्या आकड्याशी आपण सहमत आहोत असं एक साधं नाणं जवळ ठेवा. १८८१ चा एस, एमएस-६३, हे चांगलं पडतं. दर बैठकीत पहिला फोटो त्याचा काढायचा, नंतर दिवे, छिद्र, शटर काहीही न हलवता बाकीच्या नाण्यांचे. मत मागताना दोन्ही फोटो एकत्र पाठवा. बघणाऱ्याला ६३ चा गाल तुमच्या उजेडात कसा दिसतो हे आधी कळेल, मग तो तुमच्या नाण्याचा गाल त्याच्याशेजारी ठेवून बोलेल. डबीचं प्लास्टिक थोडी झळाळी खातं, तेवढी सूट मात्र दोघांनीही मनात धरावी.